साथ कोणत्या वाटेने येते ?

साथीच्या रोगांचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे दोन गोष्टींची मोजदाद बहुधा होते : किती माणसे दगावली आणि सरकारने कोणते उपाय योजले. तिसरी एक गोष्ट मात्र राहून जाते. रोग एका घरातून दुसऱ्या घरात गेला तो कोणत्या नात्याने गेला ? भाऊबंदकीच्या की सोयरिकीच्या, बाजाराच्या की यात्रेच्या, एका पाणवठ्याच्या की एका चाळीच्या ? साथ नकाशावर तेलाच्या डागासारखी चहूकडे सारखी पसरत नाही. ती माणसांच्या देण्याघेण्याच्या वाटांनी चालते. आणि या वाटा कायमच्या नसतात. साथीच्या भीतीनेच त्या बदलतात. काही तुटतात, काही नव्याने जुळतात. हे बदलणारे जाळे ध्यानी न घेता केलेले गणित चुकते आणि केलेला बंदोबस्तही फसतो, एवढेच आम्हांस या निबंधात मांडावयाचे आहे. त्यासाठी जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याचे दोन उत्तरेकडील तालुके आम्ही डोळ्यांपुढे ठेवले आहेत. कारण माणसांची जाळी किती वेळा मोडतात आणि पुन्हा विणली जातात, हे येथे फार स्पष्ट दिसते.

जुन्नर हे आज आडबाजूचे गाव वाटते, परंतु एके काळी ते हमरस्त्यावर होते. कोकणातील बंदरांचा माल कल्याणच्या बाजूने येई, नाणेघाट चढे आणि जुन्नरवरून पैठणकडे जाई. घाटाच्या माथ्यावरील गुहेत नागनिका राणीचा शिलालेख आहे आणि जवळच दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असे लोक सांगतात. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी कोरली गेली, ती या व्यापाराच्या आधारावरच. जेथून माल जातो तेथून माणूस जातो, आणि जेथून माणूस जातो तेथून त्याचे दुखणेही जाते. मात्र त्या काळी बैलांच्या तांड्याची चाल हीच रोगाची चाल होती. घाट चढता चढता दुखणाईत माणूस एक तर बरा होई किंवा वाटेतच राही. अंतर हाच त्या काळचा पहारेकरी होता.

या वाटेने रोगाबरोबर वैद्यही येत. 1675 साली जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जुन्नरच्या मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून त्याच्या घरातील रुग्णावर उपचार करण्यासाठी मुंबईहून आला. त्या वेळी जुन्नर मोगलांकडे आणि घाटाखालचा कल्याणचा मुलूख शिवाजी महाराजांकडे होता. म्हणजे दोन वैऱ्यांच्या सरहद्दीमधून हा वैद्य पार झाला. युद्धाने राज्ये वेगळी होतात. व्यापाराचे आणि दुखण्याखुपण्याचे संबंध मात्र चालू राहतात. पुढे, 14 जून 1802 रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. ती लसही बगदाद-बसऱ्याकडून एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशी माणसांच्याच साखळीने आली होती, आणि त्या मुलीच्या दंडावरून ती पुढे देशात गेली. जाळे रोगाचे तसेच ते उपायाचेही असते. ही गोष्ट शेवटी पुन्हा उपयोगी पडेल, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

हे जुने जाळे मोडले ते आगगाडीने. 1863 मध्ये बोरघाटातून आणि 1865 मध्ये थळघाटातून लोहमार्ग वर आला. जुन्नर या दोन्हींच्या मध्ये राहिले; त्याच्या वाट्याला रूळ आले नाहीत. नाणेघाट ओस पडला. पण याचा अर्थ जुन्नर-आंबेगावचा मुंबईशी संबंध तुटला असा नव्हे. तो उलट अधिक घट्ट झाला. फक्त त्याचे रूप पालटले. पूर्वी माल जात होता, आता माणूस जाऊ लागला. कोरडवाहू शेतीवर भागत नाही म्हणून घरटी एखादा मुलगा मुंबईस गेला : गोदीत, गोदामांत हमालीस, गिरणीत, पुढे जेवणाचे डबे पोचविण्याच्या धंद्यात. मुंबईचे डबेवाले प्रामुख्याने खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, अकोले या भागांतले, हे सर्वश्रुत आहे. एका गावची माणसे एका खोलीत राहावयाची, पाळीपाळीने निजावयाची, आणि चैत्रात गावच्या यात्रेला सगळ्यांनी मिळून यावयाचे. गावाची एक गल्लीच जणू मुंबईत असे. नकाशावर तालुक्याचे गाव जवळ आणि मुंबई दूर. पण नात्याच्या हिशेबाने पाहिले तर कित्येक घरांना मुंबईच जवळची होती.

अशा काळात, सप्टेंबर 1896 मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. मांडवी ही धान्याच्या गोदामांची वस्ती. पुढच्या पाचसहा महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती बाहेर पडली. साडेआठ लाखांच्या शहरातून सुमारे पावणेचार लाख माणसे निघून गेली, असे सांगतात. कोठे गेली ? ती अनोळखी मुलखात गेली नाहीत. आपापल्या गावी, आपापल्या भाऊबंदांकडे गेली. म्हणजे जे जाळे शांततेच्या काळात महिन्याला मनिऑर्डर नेत होते, त्याच जाळ्यातून आता माणसे, वळकट्या आणि त्यांतील पिसवा जाऊ लागल्या. 1896 अखेरीस प्लेग पुण्यात शिरला.

फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात रँडच्या हाताखालील कमिटीने गोऱ्या सोल्जरांकडून घरांची झडती घेतली, रोग्यांना इस्पितळांत आणि घरच्या माणसांना छावण्यांत नेले. 22 जून 1897 रोजी रँडवर गोळी झाडली गेली, तो इतिहास सर्वांस ठाऊक आहे. त्याच साथीत, 10 मार्चला, सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना प्लेगनेच वारल्या. या सगळ्याची राजकीय बाजू पुष्कळ लिहिली गेली आहे. आम्हांस येथे दुसरीच बाजू पाहावयाची आहे. प्लेगचा दुवा मुख्यतः माणूस ते माणूस असा नसून उंदीर, पिसू आणि मग माणूस असा आहे. हे पॉल-लुई सिमाँ याने 1898 मध्ये प्रयोगाने दाखविले आणि 1905 नंतर मुंबईत झालेल्या संशोधनाने ते पक्के झाले. तेव्हा रँडच्या कमिटीने तोडले ते आईपासून मूल, नवऱ्यापासून बायको असे माणसांचे दुवे. आणि उंदरांची वाट मोकळीच राहिली. लोकांनी मग रोगीच लपविले. जो रोगी लपतो त्याच्या घरून रोग कोठे जाणार, हे कोणालाच कळत नाही. सक्तीने दुवा तुटत नाही, तो केवळ दिसेनासा होतो.

याच्या उलट खेड्यांनी काय केले पाहा. आढ्यावरून उंदीर पडू लागले, की गावाने घरांना कुलपे लावावी आणि शिवारात, माळावर झोपड्या घालून राहावे, अशी रीत देशावर पडली. माणसे एकमेकांच्या सोबतीने राहिली, चूल चालू राहिली, गुरे राखली गेली. सुटला तो उंदरांचा शेजार तेवढा. तोडावयाचा दुवा तोच तुटला आणि राखावयाचे दुवे राहिले. हे कोणत्या शास्त्रज्ञाने शिकविले नव्हते. मेलेला उंदीर आणि पुढे मरणारे माणूस यांचा संबंध लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता.

परंतु रोग बदलला की जाळे बदलते, हेही विसरता कामा नये. 1918 च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्ल्युएंझा आला. पावसाळ्याच्या अखेरीस तो भयंकर रूपाने परतला आणि रेल्वेच्या वेगाने देशभर गेला. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणत. हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक माणसे गेली. 1911 ते 1921 या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. या रोगात माळावर जाऊन उपयोग नव्हता. ज्या झोपडीत दहा माणसे एकत्र झोपत तीच झोपडी आता घातक होती. प्लेगमध्ये तारणारी सोबत मानमोडीत मारणारी ठरली.

आता गणिताकडे वळू. साथींच्या गणिताचा जो पाया आज जगभर शिकविला जातो, त्याची पहिली प्रसिद्ध कसोटी आपल्या मुंबईच्याच आकड्यांवर लागली, ही गोष्ट मराठी वाचकांस फारशी माहीत नाही. 1927 मध्ये एडिंबरोच्या कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी एक लेख प्रसिद्ध केला. त्यांपैकी कर्मॅक प्रयोगशाळेतील स्फोटात आंधळा झालेला रसायनशास्त्रज्ञ, आणि मॅकेंड्रिक हिंदुस्थानच्या वैद्यकीय खात्यात काम केलेला डॉक्टर. त्यांनी लोकांचे तीन गट पाडले : ज्यांना लागण होऊ शकते ते, ज्यांना झाली आहे ते, आणि जे बरे होऊन किंवा मरून त्यातून सुटले ते. पहिल्या दोन गटांची गाठभेट जितकी अधिक तितकी नवी लागण अधिक; आणि लागण होण्याजोगी माणसे एका ठरावीक मर्यादेखाली आली, की सगळे संपण्याआधीच साथ ओसरते. पडताळ्यासाठी त्यांनी मुंबईतील 17 डिसेंबर 1905 ते 21 जुलै 1906 या काळातील प्लेगच्या मृत्यूंचे आठवडेवार आकडे घेतले. सतराव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे एप्रिलच्या मध्यास, आठवड्याला सुमारे नऊशे मृत्यू, आणि दोन्ही बाजूंस उतरता डोंगर. त्यांची वक्ररेषा या आकड्यांवर फार सुरेख बसली.

ही रेषा बसली म्हणून सर्व उलगडले असे मात्र नाही. तीत मुंबईचा प्रत्येक मनुष्य दुसऱ्या प्रत्येकाला सारख्याच प्रमाणात भेटतो, असे धरले होते. मलबार हिलवरचा शेठ आणि मांडवीचा हमाल यांत भेद नव्हता. शिवाय साथ होती उंदरांची; माणसांतील मृत्यू ही तिची सावली. आपली गृहीते वस्तुस्थितीशी पुरती जुळत नाहीत, हे लेखकांनी प्रांजळपणे मान्य केले होते. पुढे 2012 मध्ये निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने दाखविले, की मुंबईचा प्लेग दरवर्षी ठरावीक ऋतूतच चढे आणि उतरे. तेव्हा तो उतरण्यास ऋतुमान हेच मोठे कारण असले पाहिजे. आकडे जुळले म्हणजे कारण सापडले, असे नव्हे. इतिहासकारानेही हा धडा घेण्यासारखा आहे.

मग माणसामाणसांतील भेद गणितात आणावयाचा कसा ? गेल्या तीसएक वर्षांत शास्त्रज्ञांनी यासाठी जाळ्याची कल्पना वापरली. प्रत्येक माणूस ही एक गाठ, प्रत्येक संबंध हा एक धागा. एक लहानसे उदाहरण घेऊ. एका वाडीत दहा माणसे आहेत. त्यांत एक दुकानदार. बाकीचे नऊ जण त्याच्याकडे जातात, एकमेकांकडे जात नाहीत. आपल्याजवळ लसीचा एकच डोस आहे. चिठ्ठी टाकून माणूस निवडला, तर दुकानदार सापडण्याचा संभव दहांत एक. पण चिठ्ठीने निघालेल्या माणसाला, 'तू कोणाला भेटतोस त्याचे नाव सांग,' असे विचारले आणि त्या दुसऱ्याला लस दिली, तर दुकानदार सापडण्याचा संभव दहांत नऊ. 2003 मध्ये काही शास्त्रज्ञांनी ही युक्ती मोठ्या जाळ्यांसाठी सिद्ध करून दाखविली. तिचे मर्म असे, की जाळ्याचा नकाशा कचेरीत नसला तरी तो लोकांच्या ओळखीत असतो. मात्र विचारल्यावर लोकांनी खरे सांगितले पाहिजे.

यानंतरची पायरी म्हणजे बदलते जाळे. 2006 मध्ये थिलो ग्रोस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असे गणित मांडले, की निरोगी माणूस रोग्याशी असलेला संबंध तोडतो, पण एकटा राहत नाही. दुसऱ्या निरोगी माणसाशी तो जोडतो. यात सुरुवातीस साथीला आळा बसतो. परंतु निरोगी माणसांचा आपापसांतील घोळका दाट होत जातो, आणि त्या दाट घोळक्यात एक ठिणगी पडली की भडका मोठा उडतो. शिवाय एकदा मूळ धरलेली साथ हटविणे हे ती येऊच न देण्यापेक्षा कठीण होऊन बसते. 1897 मध्ये मुंबई सोडून भावाच्या घरी आलेल्या कुटुंबाचे चित्र आठवा. त्याने शहराचा धागा तोडला. पण चार माणसांच्या घरात बारा माणसे झाली.

हेच चित्र 2020 मध्ये पुन्हा दिसले. 25 मार्चला, नेमक्या गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली. मुंबईची लोकल दोन दिवस आधीच थांबली होती, डबेवाल्यांनी डबे ठेवून गाव गाठले होते. पाडवा म्हणजे यात्रांच्या हंगामाचे तोंड. नारायणगावी तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडावयाच्या, गावोगावचे पुढारी सुपाऱ्या द्यावयास यावयाचे, आणि मुंबईकरांनी यात्रेसाठी घरी यावयाचे. यात्रा थांबल्या, फड बसले. मुंबईकर मात्र आले, कारण खोलीत पाळीने निजणाऱ्यांची पाळीच मोडली होती. सगळे एकाच वेळी घरात. महाराष्ट्रात अनेक गावांनी वेशीवर दगड आणि काट्यांच्या फांद्या टाकल्या. ज्याच्या पैशाने देवळाचा कळस चढला त्यालाच शाळेच्या खोलीत चौदा दिवस राहावे लागले. गावाची भीती खोटी नव्हती, आणि मुंबईकराची हतबलताही खोटी नव्हती. त्या जुलैत मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ताची पाहणी झाली, तेव्हा झोपडपट्टीत शंभरांतील 57 जणांना लागण होऊन गेल्याचे दिसले, तर बाहेरच्या इमारतींत 16 जणांना. शहर एक, रोग एक. जाळी मात्र दोन. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी त्याच वर्षी मुंबईचे जे गणिती प्रतिरूप केले, त्यात म्हणूनच प्रत्येक काल्पनिक नागरिकाला घर, कामाची जागा आणि लोकलचा प्रवास नेमून दिलेला होता. 1927 ची सरसकट भेटीगाठींची मुंबई आता उरली नव्हती.

पण याही चित्रात जुन्नर-आंबेगावची काही वाट राहते. पश्चिमेच्या डोंगराळ पट्ट्यातील महादेव कोळी आणि ठाकर मजूर पूर्वेच्या बागायतीत कामाला उतरतात. एका जीपगाडीत दाटीवाटीने बसून जातात. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी ही बागायत वाढविली, आणि डिंभे धरणाने जुने आंबेगाव पाण्याखाली घालून माणसांना दुसरीकडे बसविले. एका धरणाने शेजार मोडला आणि नवा घडविला. इकडचा भाजीपाला रात्रीच्या रात्री वाशीच्या बाजारात जातो. 2020 च्या टाळेबंदीत मुलगा मुंबईहून येऊ शकत नव्हता, भाजीची गाडी मात्र जात होती, कारण शहराला जेवावयाचे होते. मे महिन्यात तो बाजारच लागणीमुळे काही दिवस बंद ठेवावा लागला. वेशीवर काटे टाकून भागत नाही, ते यामुळे. गाव ज्या धाग्यावर जगते तो धागा गावाला तोडता येत नाही. तो सांभाळून वापरावा लागतो.

या सव्वाशे वर्षांच्या हिशेबातून आम्ही तीन गोष्टी काढतो. पहिली अशी, की कोणता दुवा तोडावयाचा हे रोगाच्या स्वभावावरून ठरवावे. रँडच्या कमिटीने ते केले नाही, माळावर गेलेल्या गावकऱ्यांनी केले. दुसरी अशी, की तोडलेल्या दुव्याच्या जागी माणूस दुसरा दुवा जोडणारच. तो कोठे जोडील याचा विचार तोडण्यापूर्वीच व्हावा. टाळेबंदीची वेळ जाहीर करताना मुंबईच्या त्या खोलीतील माणसे झोपणार कोठे, हा प्रश्न गणिताच्या बाहेरचा नसून गणिताचाच भाग आहे. आणि तिसरी अशी, की हा सारा नकाशा लोकांजवळ आहे. कोण कोणाकडे जातो हे गावातील म्हातारीला तोंडपाठ असते. ती ते वैद्याला सांगेल. पोलिसाला सांगणार नाही.

पुढची साथ केव्हा येईल आणि कशी असेल, हे ज्योतिष आम्ही सांगत नाही. ती आली म्हणजे नात्यांच्याच वाटेने येईल, एवढे निश्चित. पण 1802 मध्ये देवीची लसही त्याच वाटेने आली होती. साथीच्या दिवसांत धान्य, औषध, खरी बातमी आणि धीर ही चार ओझीही माणसांच्याच साखळीने चालतात. म्हणून साखळी सरसकट तोडू पाहणाऱ्याने आधी तिच्यावरून काय काय येत आहे ते पाहावे. नाणेघाटावरचा जकातदार प्रत्येक गोणी उघडून पाही. घाट बंद करण्याची त्याची रीत नव्हती.